कात्री आपली, विषाणू परका

इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, दिल्ली अशा ठिकठिकाणांहून तुम्ही हे ऐकताय. आयोजकांनी मला सांगितलंय की विषय सोपा ठेवा. सोपा ठेवते, पण पातळ करणार नाही. बोलायचं आहे फ्लूवर. त्यातही फ्लूच्या विषाणूवर कमी आणि आपल्या स्वतःच्या शरीरावर जास्त.

माझं रोजचं काम म्हणजे काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बाटल्यांत पेशी वाढवायच्या आणि त्या पेशींत विषाणू वाढवायचे. फ्लूसाठी आम्ही बहुतेक वेळा कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून तयार झालेल्या पेशी वापरतो. जगभर सगळेच वापरतात. समजा, अशा दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हींत सारख्याच पेशी आणि सारखाच फ्लूचा विषाणू. फरक एकच. एका बाटलीत ट्रिप्सिन नावाचं विकर अगदी कणभर घातलं आहे, मिलिलिटरला एक-दोन मायक्रोग्रॅम. विकर म्हणजे एन्झाइम, शाळेच्या पुस्तकातला शब्द आहे. ट्रिप्सिन आपल्या स्वादुपिंडात तयार होतं आणि आतड्यात जाऊन डाळ, अंडी, मटण यांतली प्रथिनं कापतं.

तीन दिवसांनी पाहा. ट्रिप्सिनच्या बाटलीतल्या पेशी मरून तरंगत असतात, विषाणूने धुमाकूळ घातलेला असतो. दुसऱ्या बाटलीत पेशी जवळजवळ जशाच्या तशा, तळाला चिकटून शांत.

आता कोणीही म्हणेल की दुसऱ्या बाटलीत विषाणू वाढला नाही. पण तसं नाही, आणि इथेच खरी गंमत आहे. त्या बाटलीतल्या पाण्यात नवे विषाणू आहेत. कमी आहेत, पण आहेत. ते कोंबडीच्या लाल रक्तपेशींना चिकटतात, सूक्ष्मदर्शकाखाली व्यवस्थित दिसतात. फक्त ते पुढच्या पेशीत शिरू शकत नाहीत. त्याच पाण्यात चिमूटभर ट्रिप्सिन घाला, थोडा वेळ थांबा आणि नव्या पेशींवर ओता. लगेच आजार सुरू. म्हणजे विषाणू तयार होता, पण अर्धवट. त्याचं शेवटचं काम कोणीतरी दुसऱ्याने करायचं राहिलं होतं.

हे शेवटचं काम म्हणजे एक काप. एकच.

फ्लूच्या विषाणूच्या अंगावर हिमॅग्लुटिनिन नावाच्या प्रथिनाचे तीन-चारशे काटे असतात. पुढे मी त्याला नुसतं ‘एचए’ म्हणेन. एच१एन१, एच५एन१ या नावांतला एच तो हाच. हे प्रथिन तयार होतं तेव्हा साधारण साडेपाचशे अमिनो आम्लांची ती एक सलग साखळी असते. साखळीच्या मध्यावरून थोडी पुढे एक जागा आहे, तिथे ती कापली गेली पाहिजे. कापल्यावर दोन तुकडे होतात, ते एकमेकांना धरून राहतात, पण आता आतली कमान मोकळी झालेली असते.

उंदीर पकडायचा चाप डोळ्यांसमोर आणा. कारखान्यातून येताना तो सुतळीने बांधलेला असतो. सुतळी असेपर्यंत तो निरुपद्रवी, पोराच्या हातात दिला तरी चालेल. सुतळी कापली की तो तयार. अजून उडालेला नसतो, पण उडू शकतो. विषाणू पेशीच्या पृष्ठभागावर चिकटतो, पेशी त्याला एका पिशवीत गुंडाळून आत घेते आणि त्या पिशवीत आम्ल भरू लागते. आम्लता वाढली, पीएच पाच-साडेपाचच्या आसपास आला की चाप उडतो. एचएचं एक टोक पिशवीच्या भिंतीत भाल्यासारखं घुसतं, विषाणूचं वेष्टन आणि पिशवीची भिंत एकत्र होतात आणि विषाणूचे जीन्स पेशीत सुटतात. सुतळी कापलेली नसेल तर आम्ल कितीही येऊ दे, काही होत नाही.

फ्लूच्या विषाणूकडे स्वतःची कात्री नाही. त्याच्या आठ जीनखंडांत असं एकही विकर लिहिलेलं नाही. ती कात्री तो आपल्याकडून घेतो. माणसाच्या जीनोममध्ये प्रथिनं कापणारी साडेपाचशेहून अधिक विकरं आहेत, त्यांतली काही त्याच्या कामाची असतात. कुठली, आणि ती शरीरात कुठे आहेत, यावर ठरतं की तुम्हाला चार दिवस सर्दी-ताप होणार की कोंबड्यांची अख्खी शेड एका रात्रीत मरणार.

ट्रिप्सिनचा हा परिणाम १९७५ साली दोन गटांनी दाखवला. जर्मनीत गीसनमध्ये क्लेंक आणि रॉट यांनी, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात लॅझरोविट्झ आणि चॉपिन यांनी. बाटलीपुरतं कोडं सुटलं. पण आपल्या फुप्फुसात ट्रिप्सिन काही वाहत नसतं, ते आतड्यातलं. मग फुप्फुसातली कात्री कोणती? याचं उत्तर यायला २००६ साल उजाडलं, आणि तेही क्लेंक यांच्याच गटाकडून, आता मारबुर्ग शहरातून. एकतीस वर्षं. एका प्रश्नाला इतकी वर्षं धरून बसणारे लोक मला फार आवडतात. आजच्या अनुदानाच्या पद्धतीत तीन वर्षांनी अहवाल द्यावा लागतो.

त्यांना मानवी श्वासमार्गात दोन कात्र्या सापडल्या. त्यांतली महत्त्वाची टीएमपीआरएसएस२. लिहायला किचकट, म्हणून प्रयोगशाळेत आम्ही ‘टेम्प्रेस-टू’ म्हणतो. हे विकर पेशीच्या आवरणात रुतलेलं असतं आणि त्याचं पातं बाहेर असतं. याच जीनला प्रोस्टेटचे डॉक्टर आधीपासून ओळखत होते. पुरुष हार्मोन त्याला चालू करतं आणि प्रोस्टेटच्या बऱ्याच कर्करोगांत हा जीन तुटून दुसऱ्याच जीनला जोडलेला आढळतो. एकाच जीनची दोन वेगळ्या खोल्यांत दोन वेगळी बदनामी.

मग २०१३ साली जर्मनीतल्या संशोधकांनी हा जीन काढून टाकलेले उंदीर घेतले आणि त्यांना एच१एन१ दिला. साधे उंदीर खंगले, मेले. जीन नसलेल्यांचं वजनही फारसं घटलं नाही. विषाणू त्यांच्या फुप्फुसात तयार होत होता, पण सुतळीसकट. आणि हे उंदीर एरवी धडधाकट होते, त्या विकरावाचून त्यांचं काही अडत नव्हतं. हे वाचल्यावर कोणाच्याही मनात पहिला विचार औषधाचा येतो. माझ्याही आला. त्याकडे येते, पण आधी कोंबड्यांकडे जाऊ. कारण ही कात्री किती निर्णायक आहे ते कोंबड्यांत दिसतं तसं माणसात दिसत नाही.

कापायच्या जागेवर काय लिहिलेलं आहे ते महत्त्वाचं. माणसाच्या नेहमीच्या फ्लूत त्या जागी आर्जिनीन नावाचं एकच अमिनो आम्ल असतं. एकट्या आर्जिनीनपाशी कापणारी विकरं शरीरात मोजक्या ठिकाणी मिळतात. माणसात श्वासमार्गात, पक्ष्यांत श्वासमार्ग आणि आतड्यात. म्हणून विषाणूही तिथेच अडकून राहतो. पण एच५ आणि एच७ या दोन जातींमध्ये कधीकधी त्या जागी आर्जिनीन आणि लायसीन यांची रांगच तयार होते. चार, पाच, सहा. अशी रांग ओळखणारं विकर म्हणजे फ्युरिन, आणि फ्युरिन जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं. ते आपल्या कितीतरी प्रथिनांना कापून कामाला लावतं, त्याच्याशिवाय गर्भ वाढत नाही. घटसर्पाचं विषसुद्धा तेच कापतं.

म्हणजे कुलूप बदललं आणि अशी किल्ली लागू झाली जी घरातल्या प्रत्येक खोलीत टांगलेली आहे. विषाणू आता मेंदू, हृदय, यकृत, रक्तवाहिन्या, सगळीकडे वाढू शकतो. विषाणू बाहेर पडायच्या आधीच, पेशीच्या आतच सुतळी कापली जाते. कोंबडीचा तुरा निळा पडतो, पायांवर रक्ताचे डाग येतात आणि दोन-तीन दिवसांत शेड रिकामी होते.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात १९८३ साली हे शेतकऱ्यांच्या डोळ्यांदेखत घडलं. एप्रिलमध्ये कोंबड्यांत एच५एन२ आला. थोडी सर्दी, अंडी जरा कमी. ऑक्टोबरमध्ये तोच विषाणू ऐंशी टक्क्यांहून अधिक पक्षी मारू लागला. आटोक्यात आणेपर्यंत सुमारे १ कोटी ७० लाख पक्षी नष्ट करावे लागले. कावाओका आणि वेबस्टर यांनी दोन्ही विषाणू शेजारी ठेवून वाचले. एप्रिलच्या विषाणूतही आर्जिनीन-लायसीनची रांग होती, पण तिच्यावर शर्करेची एक साखळी छत्रीसारखी पसरलेली होती आणि कात्री आत पोचत नव्हती. एका बदलाने ती शर्करा गळाली. बस्स.

दुसऱ्या ठिकाणी विषाणूने ही रांग वेगळ्या रीतीने मिळवली. चिलीमध्ये २००२ साली एच७एन३ने स्वतःच्याच दुसऱ्या जीनमधली तीस अक्षरं उचलून त्या जागी चिकटवली. मेक्सिकोत २०१२ साली सापडलेल्या एच७एन३मध्ये तर तो तुकडा कोंबडीच्या रायबोसोमच्या आरएनएमधून आलेला निघाला. कात्री यजमानाची, आणि कात्रीसाठी लागणारी खूणसुद्धा यजमानाकडूनच उचललेली.

आपल्याकडे हा प्रकार पहिल्यांदा आला तो महाराष्ट्र-गुजरातच्या सीमेवर. फेब्रुवारी २००६, नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर. भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेने एच५एन१ असल्याचं सांगितलं आणि १८ फेब्रुवारीला बातमी जाहीर झाली. पुढे काय झालं ते तुमच्यातल्या अनेकांना आठवत असेल. पांढऱ्या पोशाखातली माणसं, खड्डे, पोती, आणि देशभर कोंबडीला गिऱ्हाईक नाही. नवापूरपासून हजार किलोमीटरवर, जिथे एकही पक्षी आजारी नव्हता, तिथेही भाव कोसळले.

काही वर्षांपूर्वी बेळगाव भागात कुक्कुटपालन करणाऱ्यांसमोर मी हेच बोलत होते. नंतर चहाच्या वेळी एक जण आले, पन्नाशीचे असतील. म्हणाले, “मॅडम, समजा उद्या माझ्या शेडमधल्या नमुन्यात एच५ निघाला. पण मरतुक नाही. पक्षी खातायत, पितायत, अंडी देतायत. तरी तुम्ही मारणार?”

मी म्हटलं, “मी नाही मारणार, ते पशुसंवर्धन खात्याचं काम आहे. पण हो, एच५ आणि एच७ सौम्य असला तरी कळवावा लागतो.”

“म्हणजे चार अक्षरांची शंका म्हणून माझं वर्ष गेलं.”

या माणसाला मूर्ख समजून चालणार नाही. तो बरोबर जागी बोट ठेवत होता. मी त्यांना पेनसिल्व्हेनियाचं सांगितलं, एप्रिल ते ऑक्टोबर. एका शेडमध्ये हजारो पक्षी, प्रत्येकात अब्जावधी विषाणू, प्रत्येक नकलेत चुका. ती रांग किंवा ती गळलेली शर्करा यांतली एखादी चूक उपयोगाची ठरते आणि दाटीत ती लगेच पसरते. रानातल्या बदकांत हा बदल सहसा टिकत नाही. तो टिकतो कोंबड्यांच्या दाटीत. ते ऐकून घेत होते, मग विचारलं, “पैसे कधी मिळतात?” नियमाने ठार केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, केंद्र आणि राज्य निम्मी-निम्मी देतात. आजाराने आधीच मेलेल्यांची मिळत नाही. माझ्या मते आपल्या व्यवस्थेतली सगळ्यात धोक्याची गाठ ही आहे. मरतुक सुरू झाल्यावर कळवायला लावलेला प्रत्येक दिवस शेतकऱ्याला महाग पडतो, हे खरं. पण पक्षी पटकन विकून टाकणं त्याहून सोपं पडतं, हेही खरं. विज्ञान चार अक्षरं वाचून दाखवू शकतं. नमुना प्रयोगशाळेपर्यंत येईल की नाही हे त्या चहाच्या टेबलावर ठरतं.

आणि वाचणं आता खरोखर सोपं झालं आहे. पूर्वी विषाणू किती घातक ते ठरवायला सहा आठवड्यांच्या पिल्लांच्या शिरेत तो टोचून दहा दिवस मोजत बसायचं. ती चाचणी अजून आहे, पण एच५ किंवा एच७ची कापायची जागा वाचली आणि तिथे आधी माहीत असलेल्या घातक विषाणूसारखी रांग दिसली, तर जागतिक नियमांनुसार तेवढं पुरतं. पक्षी अजून उभा असला तरी.

मात्र रांग नसली म्हणजे माणूस सुरक्षित, असं समजू नका. चीनमध्ये २०१३ साली आलेल्या एच७एन९मध्ये एकच आर्जिनीन होतं. त्यामुळे कोंबड्या आजारी पडत नव्हत्या, बाजारात दिमाखात विकल्या जात होत्या आणि माणसं मात्र न्यूमोनियाने मरत होती. माणसाच्या फुप्फुसात टेम्प्रेस-टू आहेच की! आपल्याकडच्या कोंबड्यांत फिरणारा एच९एन२ असाच सौम्य म्हणून दुर्लक्षित आहे. २०१९ साली मेळघाटातल्या एका लहान मुलाच्या नमुन्यात तो सापडला, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने ओळखला. मूल बरं झालं.

आता १९१८. त्या वर्षी जूनमध्ये फ्लू मुंबईत उतरला, शरद ऋतूत परत आला तो काळ होऊन. हिंदुस्थानात सव्वा कोटी ते दोन कोटी माणसं गेल्याचे अंदाज आहेत. १९११ ते १९२१ हे दशक भारताच्या जनगणनेतलं लोकसंख्या घटल्याचं एकमेव दशक. त्या साथीत मेलेल्या अमेरिकन सैनिकांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले काप २००८ साली पुन्हा तपासले गेले, अठ्ठावन्न जणांचे. जवळजवळ सगळ्यांत जिवाणूंच्या न्यूमोनियाच्या खुणा होत्या. फ्लूने वाट केली आणि जिवाणूंनी जीव घेतला.

साधारण समजूत अशी की फ्लू अस्तर खरवडतो आणि मग जिवाणू शिरतात. ते खरंच आहे. पण मदत उलट बाजूनेही होते. १९८७ साली ताशिरो, क्लेंक, रॉट आणि सहकाऱ्यांनी उंदरांना फ्लू आणि स्टॅफिलोकॉकस जिवाणू एकत्र दिले. त्या जिवाणूचे काही वाण प्रथिनं कापणारं विकर बाहेर सोडतात, आणि त्याने विषाणूच्या एचएची सुतळी कापली जात होती. विषाणू जिवाणूला जागा करून देतो, जिवाणू विषाणूला कात्री पुरवतो. शिवाय काही जिवाणू आपल्याच रक्तातल्या प्लास्मिनोजेनला जागं करतात. त्यापासून तयार होणारं प्लास्मिन हीदेखील एक कात्री आहे. हार्ट अटॅकच्या रुग्णाला गुठळी विरघळवायला स्ट्रेप्टोकायनेजचं इंजेक्शन देतात ना, ते याच तत्त्वावर चालतं आणि ते औषध मुळात स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूकडूनच घेतलेलं आहे. १९१८च्या मृत्यूंना हे एकच कारण लावणं चुकीचं होईल. तिथे उपासमार होती, युद्ध होतं, पेनिसिलिन नव्हतं. पण फ्लूनंतर पाचव्या-सहाव्या दिवशी ताप उतरून पुन्हा चढला तर डॉक्टरकडे जायला उशीर करू नका, हे सांगण्यामागे केवढी यंत्रणा आहे ते यातून दिसतं.

आपली सगळी विकरं विषाणूची चाकरी करतात, असंही नाही. १९६२च्या सुमारास झुरिकमध्ये जीन लिंडेनमन यांच्या लक्षात आलं की ‘ए२जी’ नावाच्या जातीचे उंदीर फ्लूने मरत नाहीत. इतरांना मारणारा डोस त्यांना दिला तरी तगतात. हेच लिंडेनमन पाच वर्षं आधी आयझॅक्स यांच्याबरोबर इंटरफेरॉन शोधून बसले होते. पुढे कळलं की त्या उंदरांत एमएक्स नावाचा एक जीन शाबूत आहे. इंटरफेरॉनचा इशारा मिळाला की त्यापासून एक विकर तयार होतं आणि ते विषाणूच्या जीन्सची नक्कल अडवतं. प्रयोगशाळेतल्या बहुतेक नेहमीच्या उंदरांत हा जीन मोडलेला असतो. म्हणजे आपण अनेक दशकं फ्लूचा अभ्यास पहारेकरी नसलेल्या घरात करत आलो आहोत. उंदरांवरचे निकाल माणसाला लावताना मी म्हणूनच जरा हात आखडता घेते.

माणसातही हा जीन आहे, एकविसाव्या गुणसूत्रावर. आणि त्याच्या अगदी शेजारचा जीन कुठला? टेम्प्रेस-टू. दाराची कडी काढून देणारा आणि दारावरचा पहारेकरी, भिंतीला भिंत लावून राहतात. यातून मोठा अर्थ काढू नका, गुणसूत्रावर शेजार असा योगायोगानेही होतो. मला आपला तो नकाशा बघायला आवडतो.

आता औषध. आज फ्लूवर आपण देतो ते ऑसेल्टामिव्हिर विषाणूच्या स्वतःच्या एका विकरावर नेम धरतं. अडचण अशी की विषाणू बदलतो. २००७-०८च्या हिवाळ्यात एच१एन१मध्ये एका अक्षराचा बदल झाला आणि पुढच्याच हंगामात जगभरातले नेहमीचे एच१एन१ जवळजवळ सगळे या औषधाला दाद देईनासे झाले. नशिबाने २००९च्या नव्या विषाणूने त्यांना हुसकावलं आणि त्याच्यावर औषध चालत होतं. मग विचार येतो की विषाणूऐवजी आपल्या कात्रीवरच झाकण घालावं. कात्री विषाणूच्या सोयीसाठी बदलणार नाही. रशियात गाईच्या फुप्फुसातून काढलेलं ॲप्रोटिनिन श्वासावाटे देण्याचा प्रयोग झाला आणि त्याला तिथे मान्यताही मिळाली. जपानमध्ये स्वादुपिंडाच्या सुजेवर कॅमोस्टॅट नावाचं औषध वर्षानुवर्षं आहे, ते टेम्प्रेस-टूला रोखतं.

२०२० साली सगळं जग या विकराकडे वळलं, कारण कोविडचा विषाणूही तेच वापरतो. त्या वर्षीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा जो बोलबाला झाला, दुकानांतून गोळ्या गायब झाल्या, त्याच्या मुळाशी माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींतले प्रयोग होते. त्या पेशींत टेम्प्रेस-टू जवळजवळ नसतं, म्हणून विषाणू आम्लाच्या पिशवीतून जायच्या वाटेने शिरतो आणि ती वाट हे औषध अडवतं. फुप्फुसाच्या पेशींत कात्री दारातच असते, विषाणू थेट आत जातो आणि औषधाचा उपयोग शून्य. तीच तपासणी योग्य पेशींत आधी झाली असती तर कितीतरी आठवडे वाचले असते. आमच्या क्षेत्रात “कुठल्या पेशी वापरल्या?” हा प्रश्न कारकुनी वाटतो. तो पहिला प्रश्न असायला हवा.

कॅमोस्टॅटचं काय झालं? डेन्मार्कमध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या कोविड रुग्णांवर चाचणी झाली, फायदा दिसला नाही. रुग्णालयात येईपर्यंत विषाणूचा भर ओसरलेला असतो, आणि हे औषध शरीरात झटकन मोडतं. फ्लूच्या बाबतीत आणखी एक अडचण. उंदरांत एच१एन१ टेम्प्रेस-टूवर जितका अवलंबून दिसला तितका एच३एन२ नाही, त्याला दुसरी कात्रीही चालते. त्यामुळे एका गोळीत सगळा फ्लू संपेल असं कोणी सांगितलं तर त्याच्याकडे संशयाने बघा. मला स्वतःला वाटतं, हे औषध एकट्याने नाही तर ऑसेल्टामिव्हिरच्या जोडीने, पहिल्या दोन दिवसांत, श्वासावाटे देण्याच्या रूपात उपयोगी पडेल. पण हे माझं मत आहे, निकाल नाही.

एक प्रश्न आधीच लिहून आलाय, आणि तो इतका चांगला आहे की शेवटी तोच घेते. विचारलंय, “ट्रिप्सिन आपल्या आतड्यात भरपूर असतं, तर मग माणसाला फ्लू पोटात का होत नाही?”

मधे जठर आहे म्हणून. गिळलेला विषाणू, ज्याची सुतळी आधीच कापलेली आहे, तो जठरातल्या तीव्र आम्लात पडतो. चाप तिथेच उडतो, समोर पेशी नसताना. उडालेला चाप पुन्हा बसवता येत नाही. जो काही उरतो त्याचं चरबीचं वेष्टन पुढे पित्तरसात विरघळतं. लोक ज्याला पोटाचा फ्लू म्हणतात तो बहुधा दुसऱ्याच विषाणूंचा असतो.

पण बदकांत फ्लू हा मुळात आतड्याचाच आजार आहे, आजार म्हणण्याइतकाही नव्हे. त्यांच्यातले विषाणू आम्लात जास्त टिकणारे असतात, त्यांना चिकटायला हवी तशी शर्करा बदकाच्या आतड्यात असते आणि कात्री तिथे आयतीच हजर. बदक धडधाकट पोहत राहतं, विष्ठेतून विषाणू पाण्यात जातो, दुसरं बदक ते पाणी पितं. जायकवाडी असो, चिलिका असो, हिवाळ्यात ही पाखरं हजारोंनी उतरतात. बिघडतं ते विषाणू कोंबड्यांच्या शेडमध्ये जाऊन, फ्युरिनची रांग घेऊन, रानपाखरांत परततो तेव्हा. २०२०च्या डिसेंबरमध्ये हिमाचलच्या पोंग जलाशयावर तो तसाच आला होता, आणि जानेवारी संपेपर्यंत काठावर हजारो पाखरं मरून पडली होती, बहुतेक पट्टकादंब.